टाचणवहीत नसलेला रकाना

डिसेंबर 2011. कोल्हापूर शहराच्या हद्दीलगतची एक शाळा, इयत्ता सहावी, तिसरा तास. आमच्या अध्यापक महाविद्यालयाची एक छात्राध्यापिका 'पाण्याच्या अवस्था' शिकवत होती आणि मी निरीक्षण पत्रक मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले होते. पाठ फार चांगला चालला होता. त्या मुलीनं बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा भुश्श्यात गुंडाळून आणला होता. प्रस्तावनेचे प्रश्न नेमके, फलकलेखन मोत्यासारखं, हेतुकथन मुलांच्याच तोंडून काढून घेतलेलं. बर्फ या हातातून त्या हातात फिरत होता नि मुलं 'गार गार' म्हणून ओरडत होती. फक्त तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा दप्तरावर गाल टेकून गाढ झोपला होता. बर्फ तिथवर आला तेव्हा शेजारच्यानं तो त्याच्या मानेला लावला. मुलगा दचकून उठला, इकडंतिकडं बघितलं आणि परत झोपला. वर्ग हसला, पाठाची लय मोडली.

मी पत्रकात लिहिलं, 'वर्गव्यवस्थापनाकडे लक्ष हवे. तिसऱ्या बाकावरील विद्यार्थी संपूर्ण तास निद्रिस्त.' त्या रकान्यात दहापैकी चार गुण दिले. छात्राध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आज वाईट वाटलं तरी पुढं उपयोगी पडेल.

मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी वाढणाऱ्या मावशी माझ्याजवळ आल्या. "बाई, त्या पोराला बोलू नगासा," त्या म्हणाल्या. "ऊसतोडीवाल्यांचं हाय ते. वढ्यापल्याड कोप्यात ऱ्हात्यात. आईबाप रात्री दोनला गाडी भराय जात्यात. धाकटी भैन आठ म्हयन्याची हाय, तिला घिऊन ह्योच बसतोय उजाडंपत्तूर. हितं निजायलाच येतंय बगा ते. आनि खिचडीला."

सोळा वर्षं मी शिक्षक घडवत होते. पाठाच्या पायऱ्या, सूक्ष्म अध्यापनातली कौशल्यं, प्रश्न विचारताना नजर कुठं असावी, खडू कसा धरावा, सगळं शिकवत होते. त्या वर्गात त्या मुलाबद्दल कुणाला काही माहीत असेल तर ते त्या मावशींना, आणि त्यांनी ते जाणून घेतलं होतं साध्या विचारण्यानं. माझ्या पत्रकात गुणांचे दहा रकाने होते. त्यातल्या एकाही रकान्यानं मला 'हे मूल का झोपलंय' असं विचारायला लावलं नाही.

ते पत्रक मी अजून जपून ठेवलंय. त्यात मुलाचं नाव नाही. मी विचारलंच नव्हतं. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि कोप्या, ऊसतोडवाल्यांच्या झोपड्या, उठल्या, माणसं बीडकडं परतली. पुढच्या हंगामात मी शोध घेतला, पण टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली होती.

निरीक्षणाच्या त्या दिवशी रात्री मला मुंबईतला एक रस्ता आठवला. न्यू मरीन लाइन्स.

1986 साली मी बी.एड. करायला मुंबईला गेले. माझी मावशी गिरगावात राहायची, तिच्याकडं राहायची सोय होती. कॉलेज जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं, 1953 साली सुरू झालेलं सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. आणि त्याच रस्त्यावर निर्मला निकेतन, 1955 पासून समाजकार्य शिकवणारं. तेही कॅथलिकच, 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघाच्या भगिनींनी काढलेलं. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1790 साली स्थापन झाला. मठ बंद पडत होते, म्हणून या बायकांनी झगा न घालता, मठात न राहता, चारचौघींसारख्या साध्या कपड्यांत काम करायचं ठरवलं. मला हे फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की त्या कॉलेजातल्या साडीतल्या कुठल्या बाई सिस्टर आणि कुठल्या संसारी हे ओळखू येत नाही.

माझी मावसबहीण तिथं शिकत होती. तिला मी ताई म्हणायची. दुपारचे डबे आम्ही बरोबर खायचो आणि रात्री एकाच टेबलावर बसून लिहायचो. मी टाचणवही, म्हणजे पाठांच्या आराखड्यांची वही लिहायची, ती तिचं रेकॉर्डिंग. आठवड्यातले दोन दिवस तिचं फील्डवर्क असायचं, कधी वस्तीत, कधी हॉस्पिटलात. परत आल्यावर समोरचं माणूस काय बोललं, आपण काय बोललो, ते जसंच्या तसं आठवून लिहायचं. मग आपल्याला काय वाटलं तेही. दर आठवड्याला तिची 'आय.सी.' व्हायची, म्हणजे पर्यवेक्षक बाईंबरोबर एकटीनं बसून त्या लिखाणावर बोलायचं. वही परत यायची तेव्हा समासात लाल शाई असायची. 'ती रडली तेव्हा तू विषय का बदललास?' 'हे तिचं मत आहे की तुझं?' 'इथे तू घाईने उपाय सांगितलास. तिने मागितला होता का?'

माझ्या टाचणवहीतही लाल शाई असायची. 'उद्दिष्टे वर्तनरूपात मांडा.' 'साधन मोठे हवे.' ताईच्या वहीतली लाल शाई मला तेव्हा वेळेचा अपव्यय वाटायची. एका बाईशी झालेल्या वीस मिनिटांच्या बोलण्यावर आठ पानं कोण लिहितं? आता वाटतं, शेजारच्या दोन इमारतींत एकाच धंद्याच्या दोन बाजू शिकवल्या जात होत्या. मी एका बाजूनं शिकले आणि दुसरी बाजू माझ्याच टेबलावर पडलेली असताना उचलून बघितली नाही.

अमेरिकेतल्या काही कॅथलिक विद्यापीठांत शिक्षक, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते एकाच विद्याशाखेत घडवतात. हे एकत्र येणं कुठून आलं, याचा मी पुढं बराच शोध घेतला, आणि वाचता वाचता तीनशे वर्षं मागं, फ्रान्समधल्या रीम्स शहरात जाऊन पोचले.

तिथं जाँ बाप्तिस्त द ला साल नावाचे एक धर्मगुरू होते, जन्म 1651 चा. घरचे श्रीमंत, कॅथेड्रलमध्ये मानाचं पद. गरीब मुलांच्या शाळांना मास्तर मिळवून देता देता त्यांच्या लक्षात आलं, की मास्तर स्वतःच अर्धवट शिकलेले, उपाशी आणि एकटे आहेत. त्यांनी या मास्तरांना आधी जेवायला आणि मग राहायला स्वतःच्या घरी आणलं. नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. 1683-84 च्या दुष्काळात त्यांनी आपली संपत्ती गोरगरिबांना वाटून टाकली, आणि 1685 च्या सुमारास रीम्समध्ये खेड्यांतल्या मास्तरांसाठी प्रशिक्षणाचं घर काढलं. जगातल्या पहिल्या अध्यापक विद्यालयांत त्याची गणना होते. मुलांना लॅटिनऐवजी आधी त्यांच्या बोलीच्या फ्रेंचमध्ये वाचायला शिकवा, हाही त्यांचाच आग्रह. 1950 साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत जाहीर केलं.

त्यांच्या शाळांसाठी जी नियमावली तयार झाली, ती वाचताना मी एका जागी थांबले. शिक्षकानं ठेवायच्या नोंदवह्यांबद्दल तिथं तपशिलानं लिहिलंय. मूल कुठं राहतं, आईबाप काय करतात, त्याचा स्वभाव कसा, गैरहजर का राहतं, याच्या नोंदी. गैरहजेरीची कारणं वेगवेगळी करून प्रत्येकीवर काय करायचं याचा विचार आहे. म्हणजे मला 2011 साली जो रकाना सापडला नाही, तो त्या माणसानं सतराव्या-अठराव्या शतकात आखून ठेवला होता. त्या नियमावलीत शिस्तीचं आणि शिक्षेचंही बरंच काही आहे, आज आपल्याला ते पटणार नाही. पण मूल ही चौकशी करण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांनी शिक्षकाच्या रोजच्या कामातच घातलं होतं.

आमच्या बी.एड.ला पाठाचा सांगाडा असायचा तो जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी घालून दिलेला. त्याची सुरुवात पूर्वज्ञानापासून होते. मुलाला या घटकातलं आधीच काय माहीत आहे ते तपासायचं आणि त्याला नवं ज्ञान जोडायचं. युक्ती उत्तम आहे, मी ती आयुष्यभर शिकवली. जेझुइटांनी 1993 साली आपल्या शिक्षणपद्धतीची जी मांडणी केली तिच्यात पाच गोष्टी येतात: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. पहिली पायरी संदर्भाची. मूल कुठून आलं, काय खाऊन आलं, घरी काय चाललंय, त्याच्या गावात काय चाललंय, हे आधी. पूर्वज्ञान म्हटलं की शिक्षक मुलाच्या डोक्यात डोकावतो. संदर्भ म्हटलं की त्याला ओढ्यापल्याड जावं लागतं.

आणि मग बिस्टेक. हे नाव कोल्हापुरात एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलेल्या कुणालाही विचारा, पाठ असेल. वैयक्तिक सहाय्यकार्याची सात तत्त्वं, परीक्षेला हमखास. प्रत्येक माणूस वेगळा म्हणून बघणं, त्याला भावना बोलून दाखवू देणं, आपण त्यात गुंतायचं पण वाहून जायचं नाही, आहे तसं स्वीकारणं, दोष न ठरवणं, त्याचा निर्णय त्याला घेऊ देणं, आणि सांगितलेलं पोटात ठेवणं. फेलिक्स बिस्टेक हे जेझुइट फादर, शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समाजकार्याचे प्राध्यापक. त्या कॅथलिक विद्यापीठात समाजकार्याचं शिक्षण 1914 पासून चालू आहे. त्यांनी ही तत्त्वं 1957 साली पुस्तकरूपात मांडली. इथल्या कितीतरी मुलांना मी सांगितलंय, की बाबा, तू जे घोकतोयस ते एका पाद्र्यानं लिहिलंय. ती चकित होतात. कारण त्या सात तत्त्वांत देवाचं नाव नाही. तरी मला वाटतं, दोष न ठरवता ऐकून घेणं आणि ऐकलेलं कुणालाही न सांगणं, हे एखाद्या धर्मगुरूला कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुली ऐकायच्या खोलीत बसून चांगलंच ठाऊक झालेलं असणार. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

इथं कुणाच्या मनात धर्मांतराचा प्रश्न आला असेल तर तो रास्त आहे. माझ्या वडिलांच्याही आला होता. मी मुंबईला निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फादरांच्या कॉलेजात चाललीस, जा. शुक्रवार मोडू नकोस." मी मोडला नाही. अंबाबाईचा शुक्रवार आजही करते. कॉलेजात सकाळी प्रार्थना असायची, मी हात जोडून उभी राहायची, आणि मला कुणी कधी काही बदलायला सांगितलं नाही. मिशनच्या इतिहासात धर्मप्रसाराचा हेतू होता हे कुणी नाकारू नये, आणि शाळा-दवाखान्यांचं काम त्या एका शब्दात गुंडाळून फेकूनही देऊ नये. मला बोचतं ते वेगळंच. गरिबांसाठी निघालेल्या या परंपरेतल्या शहरी इंग्रजी शाळांत हळूहळू ऐपतवाल्यांची मुलं भरली. हे त्यांच्यातल्याच माणसांनी बोलून दाखवलंय. पेद्रो अरुपे हे पुढं जेझुइटांचे प्रमुख झालेले. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते हिरोशिमाजवळ होते आणि आधी काही वर्षं वैद्यकीय शिक्षण घेतलेलं असल्यामुळं मठाचा दवाखाना करून जखमींवर उपचार करत होते. 1973 साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ते आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? उत्तरही त्यांनीच दिलं, की नाही घडवलं. भरल्या सभेत स्वतःच्या संस्थेबद्दल असं बोलायला छाती लागते. आपल्याकडच्या कुठल्या स्नेहमेळाव्यात मी हे ऐकलेलं नाही.

आणि असं बघितलं तर ही सगळी समज कोल्हापूरला परकी नव्हतीच. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे आपण भाषणांत दरवर्षी ऐकतो. पण दंडाच्या कितीतरी आधी, 1901 पासून, महाराज बोर्डिंगं काढत होते. व्हिक्टोरिया मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहिलं की आजही त्यातल्या इमारती नजरेत येतात. शाळा उघडली म्हणून मूल शिकत नाही, रात्री ते कुठं झोपतं याचाही बंदोबस्त करावा लागतो, हे त्या राजाला कळलं होतं. नसीमा हुरजूक यांनी 1984 साली अपंगांसाठी संस्था उभी केली तेव्हा त्यांनीही शिक्षण, वसतिगृह आणि रोजगार हे तीन तुकडे केले नाहीत.

जे. पी. नाईकही आपल्याच जिल्ह्यातले, आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. गारगोटीला त्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं, शिक्षक-प्रशिक्षण आणि ग्रामसेवेचं काम एकाच आवारात. पुढं 1964-66 च्या कोठारी आयोगाचे, म्हणजे देशाच्या शिक्षण आयोगाचे, ते सदस्य-सचिव झाले. 'भारताचे भवितव्य त्याच्या वर्गखोल्यांतून घडत आहे' या वाक्यानं तो अहवाल सुरू होतो. पाठांतराला सगळ्यांना येतं. त्याच अहवालात शिक्षक-प्रशिक्षणाच्या तुटलेपणाबद्दल लिहिलंय ते मात्र कमी वाचलं जातं: आपली अध्यापक विद्यालयं विद्यापीठापासून तुटलेली, शाळांपासून तुटलेली आणि एकमेकांपासूनही तुटलेली. मी वर्गात हा भाग शिकवायची तेव्हा त्यात एक चौथं तुटलेपण माझ्या पदरचं घालायची. शाळेच्या फाटकाबाहेर माणसांबरोबर काम करायला जे शिकतात, त्यांच्यापासूनचं.

2012 च्या हंगामात आम्ही ते सांधायचा प्रयत्न केला. समाजकार्य शिकवणाऱ्या एका सहकारी मैत्रिणीशी बोलले. माझे सहा छात्राध्यापक आणि तिचे सहा एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी, अशा सहा जोड्या. अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, म्हणून शनिवार वापरले. टाचणवहीत मी एक रकाना वाढवला: 'आज एका मुलाविषयी कळलेले.' नियम दोनच. मुलाला खोदून विचारायचं नाही आणि कळलेलं लिहिताना विशेषणं वापरायची नाहीत. 'आळशी', 'हुशार', 'बिचारा' यातलं काही नको.

पहिले काही शनिवार कुरबुरीत गेले. आमच्या छात्राध्यापकांचं म्हणणं, आम्हाला चाळीस पाठ पुरे करायचेत, घरंदारं कधी फिरायची? मैत्रिणीच्या विद्यार्थ्यांना वाटे, हे मास्तरलोक दोन मिनिटं गप्प बसत नाहीत, समोरच्याला शिकवायलाच लागतात. दोन्ही खरं होतं.

एकदा आमची एक छात्राध्यापिका कोपीवर गेली ती पालकांना समजावायचं ठरवूनच. मुलाला रात्री जागवू नका, त्याच्या आरोग्यावर परिणाम होतो, शिक्षण हा त्याचा हक्क आहे. सगळं बरोबर, 2009 च्या कायद्यासकट. बाई उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग रातच्याला लेकरू तुम्ही सांभाळता का, बाई?" आमची मुलगी गप्प झाली. बरोबरचा एम.एस.डब्ल्यू.चा मुलगा खाली बसला आणि पेंढी बांधू लागला. त्याला बांधता येत नव्हती, बाईनं दाखवलं. तासाभरात जे कळलं ते असं: नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. मुकादमाकडनं दिवाळीआधीच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली. एकजण घरी राहिला तर अर्धा कोयता, मग उचल फिटत नाही आणि कर्ज पुढच्या हंगामावर चढतं. गावाकडं हंगामी वसतिगृह होतं, पण थोरल्याला तिथं ठेवलं तर इकडं धाकटीला कोण बघणार? त्या घरात निष्काळजी कुणीच नव्हतं. सगळ्यांनी हिशेब केलेला होता आणि हिशेबात मुलाची झोप बसत नव्हती.

'दोष न ठरवणं' हे तत्त्व मी त्या दिवशी त्या मुलीच्या वहीत वाचलं. तिनं तत्त्वाचं नाव लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'मी जे सांगायला गेले ते त्यांना माझ्याआधी माहीत होते.'

उपाय निघाला तो अगदी बारका. मुख्याध्यापकांनी पहिले दोन तास वाचनालयाच्या खोलीत सतरंजी टाकायची परवानगी दिली. रात्री जागलेली मुलं तिथं झोपायची, आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास आमचे छात्राध्यापक त्यांना राहिलेलं शिकवायचे. धाकट्या भावंडांना दुपारी अंगणवाडीत बसू द्यायला अंगणवाडीताई तयार झाल्या. एवढंच. उचल होती तिथंच राहिली.

आणि एक गोष्ट आमच्या हातून बिघडली. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

दुसऱ्या हंगामात सातवीतल्या एका मुलीनं आमच्या छात्राध्यापिकेला एक दिवस सांगितलं, की आई घर सोडून गेलीय. त्या छात्राध्यापिकेला इतकं वाईट वाटलं, की मधल्या सुट्टीत शिक्षक-कक्षात तिच्या तोंडून ते निघून गेलं. कुचाळकी म्हणून नाही, कळवळ्यानं. दुसऱ्या दिवशी एका प्रेमळ बाईंनी भर वर्गात त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काळजी नको करू बाळ, आई येईल हं परत." मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. एम.एस.डब्ल्यू.ची विद्यार्थिनी तीनदा कोपीवर गेली. पहिल्या दोन वेळा मुलगी बाहेरच आली नाही. नवव्या दिवशी ती शाळेत आली, वेगळ्या बाकावर बसली, आणि हंगाम संपेपर्यंत त्या छात्राध्यापिकेशी एक शब्द बोलली नाही.

छात्राध्यापिका माझ्याकडं येऊन रडली तेव्हा मी तिला रागावू शकले नाही. विद्यार्थ्यांची माहिती मिळवा, असं मी इतकी वर्षं सांगत आले होते. मिळालेली माहिती ठेवायची कुठं, हे कधीच शिकवलं नव्हतं. आपल्या शाळांत मुलाचं घरचं दुःख चहाबरोबर वाटलं जातं, आणि वाटणारी माणसं वाईट नसतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, की हे तुझ्याकडं ठेवायला दिलंय. समाजकार्याच्या पहिल्या सत्रात हे शिकवतात. ताईच्या वहीत माणसांची खरी नावं नसायची, आणि ती वही ती माझ्यासमोरही उघडी टाकून उठायची नाही. मी तिच्या शेजारी वर्षभर बसले आणि हे बघितलं नाही.

त्यानंतर आम्ही आमच्याकडंही 'आय.सी.' सुरू केली. पाठ संपल्यावर चारचौघांत चर्चा व्हायचीच, त्यात भर म्हणून आठवड्यातून अर्धा तास एकेकाशी दार लावून बसायचं. वही मधे ठेवायची. मी लाल शाई वापरायची ती प्रश्नांसाठी. सोपं नव्हतं. बारा जणांना सहा तास लागतात आणि ते कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाहीत. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्यानं आपल्या लोकांना दिवसातून दोनदा थांबून दिवसाकडं वळून बघायला लावलं होतं. आपण कुठं चुकलो याबरोबरच आज काय मिळालं तेही बघायचं. आमच्या फादरांनी प्रत्येक पाठानंतर दहा ओळी लिहायला लावल्या होत्या त्या याच सवयीतून आल्या असाव्यात. मी त्या गुणांसाठी लिहिल्या होत्या.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या छात्रसेवाकालाला वीस आठवडे मिळाले. मला फार आनंद झाला होता. पण बऱ्याच ठिकाणी या मुलांना रजेवरच्या शिक्षकांचे तास, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम मिळतं. आठवडे वाढले, सोबत बसून वही वाचणारं माणूस वाढलं नाही. मला विचाराल तर त्या वीसांतले दोन आठवडे काढून प्रत्येक भावी शिक्षकाला समाजकार्याच्या विद्यार्थ्याबरोबर वस्तीत पाठवावं. आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याला दोन आठवडे पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभं करावं. 'शिक्षक मुलांकडे वैयक्तिक लक्ष देत नाहीत' असं तो अहवालात सहज लिहितो. पन्नास जणांच्या वर्गात एका झोपलेल्या मुलापाशी थांबायचं तर बाकी एकोणपन्नास कुणी धरायचे, हे त्याला तिथं उभं राहिल्यावर कळेल. जोडीतल्या एका मुलानं एकदा बदली तास घेतला, आणि पुढं त्याच्या अहवालांची भाषा मऊ झाली.

आमच्या सहा जोड्या तीन हंगाम चालल्या. मग मैत्रिणीची बदली झाली, आमच्याकडं परीक्षा पद्धत बदलली, शनिवार गेले.

मी निवृत्त झाले. ताई आता मुंबईत थकलीय, फोनवर बोलतो. हंगामात मी अजून आठवड्यातून एकदा एका साखरशाळेत, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या मुलांच्या शाळेत जाते. गेल्या पौषात तिथं दोन मुली भेटल्या, एक बी.एड.ची, एक एम.एस.डब्ल्यू.ची. एकमेकींच्या मैत्रिणी, कुठल्या योजनेशिवाय आपणहून आलेल्या. त्यांना मी जुन्या टाचणवहीतला तो रकाना दाखवला. बी.एड.च्या मुलीनं लगेच आपल्या वहीत ओळी आखल्या.

त्या दिवशी एक सातआठ वर्षांचा मुलगा मोळीच्या आडोशाला बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. विचारायचं नाही हे तिला मी सांगितलं होतं. बराच वेळ दोघं समोरून जाणाऱ्या बैलगाड्या बघत बसले. मुलगा काठीनं मातीत रेघा ओढत होता. अंधार पडायला लागला तशी ती उठून माझ्याकडं आली, वही पुढं केली.

"मॅडम, काहीच बोलला नाही तो. आता काय लिहू?"

"जे झालं ते लिही."

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं, 'आज बोलला नाही. शेजारी बसू दिले.' मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ: 'नाव उद्या विचारीन.'